मनगटाला मानवणारी पावडर

सातासमुद्रापारच्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळात उल्काला ‘पिस्तूलवाली’ म्हणतात. म्हणोत बापडे! आठवडाभर ती गाड्यांचे ब्रेक डिझाइन करते आणि शनिवारी क्लबच्या रेंजवर एका हाताने असा नेम धरते, की शेजारचे गोरे म्हातारे स्वतःचं शूटिंग सोडून बघत राहतात. मी प्रतिमा, तिची शेजारीण. मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, पण तिची एकही मॅच चुकवत नाही.

२००६ साली तिचं मनगट दुखायला लागलं. पिस्तुलाच्या विकतच्या काडतुसांचा झटका सोसेना. पुन्हा दुखलं तर पिस्तूल विकून टाकीन, असा शब्द तिने नवऱ्याला, रवींद्रला, दिला. पण गप्प बसेल ती उल्का कसली! काडतुसं घरीच भरायची, मनगटाला मानवेल असा हलका बार करायचा, असं तिने ठरवलं. मग हिवाळाभर बंदुकीच्या दारूची एकेक पावडर आणून ट्राय केली. एक होती बारीक. चिमूटभर लागायची, डबा संपता संपायचा नाही.

“मग हीच घे की!” मी म्हटलं.

“अगं, ही काडतुसाच्या पुंगळीच्या तळाशी बसते. चुकून दोनदा पडली तर दिसायची नाही, आणि पिस्तूल हातात फुटेल.”

शेवटी मिळाली एक फुललेली, चुरमुऱ्यासारखी. दोनदा पडली तर पुंगळीबाहेर सांडणारच! झटकाही हलका. बाई नुसती नाचायची बाकी होती. क्लबच्या टीमसाठी निवडीची मॅच रविवारी होती, आणि तिची काडतुसं अजून भरायची होती.

शनिवारी सकाळी उल्काचा फोन आला, “प्रतिमा, आत्ताच्या आत्ता ये!” धावत गेले. बेसमेंटमध्ये तिच्या नणंदबाई, नागपूरहून आलेल्या सुलभाताई, आवराआवर करून कौतुकाची वाट बघत उभ्या. ती बारीक आणि ही फुललेली, दोन्ही पावडरी त्यांनी स्टीलच्या एका डब्यात ओतल्या होत्या आणि रिकामे डबे घासूनपुसून पालथे घातले होते!

“दोन्ही काळंच तर आहे,” त्या म्हणाल्या. “तांदूळ आणि कणी ठेवतोच की एकत्र!”

“चाळून बघू या का?” रवींद्र म्हणाला. मला तर पटलंच.

“चाळणीच्या भरवशावर बार भरू?” उल्का कडाडली. “आणि उद्या वन्सं माझ्या मागे खुर्ची टाकून बसणार! पिस्तूल फुटलं तर?” तिने डबा उचलला आणि सगळी पावडर, कुणी चुकूनही वापरू नये म्हणून, लॉनवर पातळ पसरून टाकली.

सुलभाताईंचा चेहरा खर्रकन उतरला. “माझ्यामुळे तुझी मॅच गेली गं.”

“अजून गेली नाही. बसा गाडीत!”

फोन करून कळलं, की तासाभरावर लॅन्सिंगजवळच्या दुकानात त्या फुललेल्या पावडरीचा शेवटचा डबा होता, आणि तो आमच्यासाठी राखून ठेवायला दुकानदार तयार नव्हता. काय ड्राइव्ह केलं रवींद्रने! पोहोचतो तर तो डबा एका दाढीवाल्याच्या हातात. आम्ही तिघं गार. पण सुलभाताई सरळ त्याच्यासमोर गेल्या, हात जोडले, उल्काचं मनगट धरून त्याला दाखवलं आणि “माय मिस्टेक, माय मिस्टेक” म्हणत रडायलाच लागल्या. तो बिचारा गडबडला आणि डबा त्यांच्या हातात देऊन मोकळा झाला. मी दुकानातच टाळ्या वाजवल्या!

डबा नवा, त्यातल्या पावडरीचा जोर कमीजास्त असू शकतो, म्हणून उल्काने पुन्हा अगदी हलक्या बारापासून सुरुवात केली. थोडी काडतुसं भरायची, रेंजवर उडवून बघायची, परत घरी. संध्याकाळपर्यंत तिचं समाधान झालं.

रविवारी ती शांतपणे उभी राहिली. एकेक गोळी काळ्या गोलात जात होती आणि मी सुलभाताईंचा हात दाबत होते. टीममधलं शेवटचं नाव वाचलं, ते उल्काचं! मी किंचाळले.  रवींद्रने मात्र पुढे होऊन तिचा उजवा हात हातात घेतला आणि हळूच मनगट दाबलं.

“खरं सांग.”

“नाही रे दुखत,” उल्का म्हणाली, आणि इतका वेळ न रडलेली ती बाई हुंदके देऊन रडायला लागली. “अजिबात दुखत नाहीये!”