कधीच न काढलेली स्टेपनी

"हे चारही टायर डिफेक्टिव्ह आहेत," असं म्हणून प्रशांत साहेबांनी माझ्या काउंटरवर फाईल आपटली.

टायर घ्यायला माणूस फाईल घेऊन आला की मी आधी चहा सांगतो. कारण आता दुपार गेली हे समजून घ्यायचं.

साहेब नागपूरला बँकेत. आमच्या वर्ध्यातली बरीच नोकरदार मंडळी रोज ट्रेननं नागपूरला अपडाऊन करतात, हे त्यातलेच. घरून स्टेशनपर्यंत स्कूटर. चारचाकी फक्त रविवारी आणि सुट्टीत निघते. गाडी चार वर्षांची, उंच, ऐसपैस, धुऊन चकाचक. आणि टायर पाहिले तर पार टकले.

"सांगा भाऊ, हप्त्यातून एक दिवस चालणाऱ्या गाडीचे टायर चार वर्षांत जातात का? मले क्लेम पाहिजे. अन् नवीन घ्यायचे ते ऑल सीझनच. पंधरा दिवस नेटवर अभ्यास केला मी."

तीस वर्षं मी या धंद्यात आहे. पूर्वी लोक यायचे, म्हणायचे चांगलं टायर टाका, आणि निघून जायचे. आता अभ्यास करून येतात. काय सांगू राजेहो, अभ्यास केलेल्या माणसाला टायर विकण्यापेक्षा ट्रकचं टायर हातानं उतरवणं सोपं.

मी म्हटलं, "साहेब, ऑल सीझन ही बर्फाच्या देशातली भानगड आहे. तिकडं हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. आपल्याकडं विकलं जाते ते सगळं ऑल सीझनच समजा. वर्ध्यात सीझन तीनच. ऊन, ओलं ऊन आणि लग्नसराई. टायर ऋतू पाहून नाई, रस्ता पाहून घ्यायचं."

साहेब हसले नाहीत. मागून मात्र कोणीतरी खुदकन हसलं. गाडीतून एक बाई उतरत होत्या. पांढरे केस, सुती लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस मी, पण पाय आपोआप जुळले.

"उमाटे बाई!"

"कोण, गजू? अरे, हे तुहं दुकान आहे?" बाई म्हणाल्या. "प्रशांत, हा माहा विद्यार्थी. सेलूच्या शाळेत चौथीत होता. अक्षर घाण, पण हिशेबात पक्का."

तीस वर्षांच्या अनुभवाची एका वाक्यात वाट लागली. फिटर शेषरावभाऊ, माझ्याहून वयानं मोठे, गालातल्या गालात हसायला लागले.

उमाटे बाईंबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. त्यांच्या वर्गात खोटं बोललं तर दोन छड्या, खरं बोललं तर एक. एकदा वर्गातला पाण्याचा माठ फुटला. बाईंना वाटलं मी फोडला. मला दोन बसल्या. दुसऱ्या दिवशी खरा फोडणारा कळला. तेव्हा बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "गजानन, माझी चूक झाली." एरवी बाई आमच्यासारख्याच वऱ्हाडी बोलत, पण गंभीर झाल्या की पुस्तकातल्या मराठीत येत. मोठ्या माणसानं पोराची माफी मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. छड्या विसरलो, ते विसरलो नाही.

बाईंना पंख्याखाली बसवलं आणि आम्ही गाडी जॅकवर घेतली.

टायरच्या नक्षीला आम्ही ट्रेड म्हणतो. त्या नक्षीच्या खोबणीत रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की टायर संपलं. इथं नक्षी उंचवट्यांच्याही खाली गेली होती. आणि झिजली होती ती दोन्ही कडांना, मधे कमी. याला आम्ही खांदे खाणं म्हणतो. हवा कमी असली किंवा गाडीत वजन जास्त असलं की टायर खांदे खाते.

"घरी किती जण तुम्ही?" मी विचारलं.

"मी, बायको, आई. अन् पोरगी, सात वर्षांची. वीस किलोची असेल."

"गाडी किती चालली?"

"असेल तीस-बत्तीस हजार. सर्व्हिसिंगले शोरूमवालेच घेऊन जातात, मी मीटर कायले पाहू?"

शेषरावभाऊंनी वाकून मीटर पाहिलं. "अठ्ठावन्न हजार," ते म्हणाले.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे मीटरही डिफेक्टिव्ह आहे!" असं म्हणून त्यांनी ते फाईलमध्ये लिहून घेतलं. आता बोला!

मी म्हटलं, स्टेपनी काढू. एकाच कंपनीचं, एकाच वयाचं पाचवं टायर बाजूला ठेवून पाहिलं की डिफेक्ट लगेच कळतो.

"स्टेपनीले तर हात नाई लागला आतापर्यंत," साहेब म्हणाले. "कोरी आहे, नवरीसारखी."

शेषरावभाऊंनी डिक्कीतला गालिचा उचलून नवरी बाहेर काढली. अर्धी झिजलेली. तीन पंक्चर काढलेले. नक्षीत काळ्या मातीचा वाळलेला लगदा, आणि त्यात पऱ्हाटीच्या खुंटाचा बोटभर तुकडा रुतलेला. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. ते कापून नेल्यावर जमिनीत जो खुंट राहतो तो खिळ्यापेक्षा वाईट. वावरात गेल्याशिवाय तो टायरला लागत नाही. आणि गालिच्याखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, मूठभर कापूस.

मी सहज मागं पाहिलं. बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. चौथीतली ती नजर. सगळं समजलं बापा मला एका क्षणात.

उमाट्यांचं हिंगणीला वावर आहे, हे मला माहीत होतं. बाईंचे यजमान गेल्यावर पोरानं आईला वर्ध्यात आणलं, हेही ऐकलं होतं.

"हे तर कोणी वावरात..." शेषरावभाऊंनी तोंड उघडलं.

"भाऊ, चहा सांगून या."

"आताच तर झाला."

"पुन्हा सांगा."

खरी पंचाईत पुढंच होती. साहेबांनी फाईलमधून निवडलेलं टायर दाखवलं. हायवे टायर. बारीक नक्षी, आवाज अजिबात नाही, मायलेज चांगलं. दिवाळीत सगळ्यांना पुण्याला न्यायचं होतं. टायर एक नंबर, त्यात काही म्हणणं नाही. पण ओल्या काळ्या मातीत ती बारीक नक्षी चिखलानं भरून जाते आणि मग टायर घासलेल्या साबणासारखं गुळगुळीत होतं. ब्रेक मारा नाहीतर देवाचं नाव घ्या, गाडी जाईल तिकडं जाईल. हिंगणीला वावरात जाणाऱ्या पांदणरस्त्याला एका अंगाला कालवा आहे. मी कोणासाठी टायर बसवणार होतो ते मला कळलं होतं.

"हे नका घेऊ," मी म्हटलं. "थोडं जाड नक्षीचं घ्या. ऑल टेरेन म्हणतात त्याले. आवाज जरा करते, पण मातीत धरते."

"काऊन? माही गाडी कुठं जाते मातीत?"

खोटं बोललो तर दोन छड्या. खरं बोललो तर बाईंची गाडी बंद. मी मधला रस्ता धरला. बाई जसं शिकवत तसं. त्या उत्तर सांगत नसत, गणित पुढं ठेवत.

"साहेब, टायर डिफेक्टिव्ह नाई. मीटर बरोबर आहे. ही पऱ्हाटी पाहा. हे पंक्चर पाहा. हा कापूस. खांदे खाल्ले, म्हणजे वजन आहे. आता तुम्हीच सांगा."

साहेब उकिडवे बसले. पऱ्हाटीचा तुकडा हातात घेऊन वळवून वळवून पाहिला. मग त्यांचा चेहरा लालेलाल झाला.

"मंगेश!"

"कोण मंगेश?"

"माहा साळा. समुद्रपूरचा. कापसाचाच धंदा त्याचा. वर्ध्याच्या मार्केटले येते नेहमी. मी ट्रेनमंदी असतो तेव्हा घरी येऊन चावी नेत असन! आई भोळी आहे, मागितली का देऊन देते. थांब, आता पाहतो त्याले." आणि खिशातून फोन काढला.

माझं गणित गेलं बोंबलत. त्या समुद्रपूरच्या माणसाला मी ओळखतही नव्हतो, आणि त्याच्या संसारात मी काडी लावली होती. फोनची रिंग वाजायला लागली. मी "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत पंख्याखालची खुर्ची सरकली.

"प्रशांत. फोन खाली ठेव."

पुस्तकातली मराठी! मी आणि साहेब दोघंही सरळ उभे राहिलो.

"मंगेशने काही केलेले नाही. गाडी मी नेते. आठवड्यातून तीनदा. आणि मी भोळी नाही."

साहेबांचा हात फोनसकट खाली आला. "आई, तुले गाडी येते?"

बाईंनी पर्समधून लायसन काढून टायरवर ठेवलं. तीन वर्षांपूर्वीचं. "तू म्हणाला होता ना, आता आराम कर. आठ दिवस केला. मग वेड लागायची वेळ आली. तुह्या बापानं उभं केलेलं वावर आहे ते. ते पाहायले मी एसटीची वाट पाहत बसू?" राग उतरला तशा बाई पुन्हा वऱ्हाडीवर आल्या, आमच्याकडं बायाही 'जातो, येतो'च म्हणतात. "तुह्या बायकोले माहीत आहे. पोरीले माहीत आहे. येतानी गाडी धुऊन आणतो, डिझल भरून ठेवतो. तुलेच मीटर पाहायची सवय नाई."

"अन् हे पंक्चर?"

"हिंगणीच्या फाट्यावर काढून देते एक जण. माहाच विद्यार्थी आहे."

साहेब मटकन स्टूलवर बसले. मी मात्र खांद्यांवरच अडकलो होतो. एकट्या बाईंच्या वजनानं टायर खांदे खात नाही.

"बाई," मी भीत भीत विचारलं, "गाडीत कोण कोण असते?"

बाई जरा घुटमळल्या. "कापूस वेचायले सेलूहून बाया नेतो. त्याईले तरी कोण गाडी देते?"

"किती बाया?"

"सात."

"पाच सीटरमंदी?"

"दोघी डिक्कीत बसतात. त्याईलेच आवडते तिथं. येतानी कापसाचं बोंदरं असते, मोठं गाठोडं."

आता मात्र माझा पारा चढला. चौथी गेली चुलीत. "बाई, तुमच्या वर्गात आम्ही असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? टकले टायर, वरून आठ माणसं, शेजारी कालवा! टायर फुटलं असतं तर? त्यातली हरेक कोणाची तरी माय आहे. हे चूक आहे, बाई. साफ चूक!"

मी काय बोललो ते मला बोलून झाल्यावर कळलं. आपल्या बाईंवर ओरडलो होतो, तेही त्यांच्या पोरासमोर. शेषरावभाऊ चहा घेऊन दारातच थबकले.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"गजानन, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या.

बेचाळीस वर्षांनी तेच चार शब्द. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? मी वळून उगाच पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

साहेब भानावर आले ते चावीसाठी हात पुढं करूनच. "बस झालं आई. आजपासून गाडी बंद. तुह्याजवळची चावी दे."

बाई पर्समधली चावी मुठीत घट्ट धरून उभ्या राहिल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा त्या मला म्हाताऱ्या दिसल्या.

मी म्हटलं, "साहेब, एक मिनिट. तुम्ही अभ्यास केला, आता पूर्ण करा. जोरात ब्रेक मारणाऱ्याच्या टायरले जागोजागी चपटे डाग पडतात. इथं एक तरी दाखवा. इतकं वावरात जाऊन रिमले एक पोचा नाई. सव्वीस हजार किलोमीटर कोणीतरी फार सांभाळून चालवली ही गाडी. वजन सोडलं तर माह्याकडून शंभरापैकी शंभर."

"अन् हे काय मग?" साहेबांनी डाव्या बाजूच्या दोन टायरांकडं बोट दाखवलं. टायरच्या बाजूच्या भिंतीला, म्हणजे साइडवॉलला, लांब लांब ओरखडे होते. ताजे.

"ते फुटपाथले घासलं आहे," मी म्हटलं. "हिंगणीच्या वावरात फुटपाथ नाई."

शेषरावभाऊंच्या हातातला चहा सांडला. बाई आधी खाली पाहून हसल्या, मग मोकळ्या हसल्या. साहेबांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं, मागच्या रविवारची कुठलीशी पार्किंग आठवली असावी, आणि त्यांनी पुढं केलेला हात हळूच खिशात घातला. फोन पुन्हा वाजत होता. समुद्रपूरहून मंगेशराव विचारत होते, मिस्ड कॉल काऊन दिला. "काई नाई, तुही आठवण आली," साहेब म्हणाले.

चारही टायर ऑल टेरेन बसवले, स्टेपनीसुद्धा. पुण्याच्या रस्त्यावर थोडा आवाज येईल, तेवढा रेडिओ वाढवायचं ठरलं. माझी अट एकच. गाडीत बाईंसकट पाच माणसं, सहावं नाही, आणि दर पंधरवड्याला हवा तपासायला माझ्याकडं यायचं. बाईंनी अट दोनदा म्हणून दाखवली, पाढ्यासारखी. आता बाया दोन खेपांत जातात आणि रविवारची एक खेप साहेब मारतात. क्लेमचे कागद त्यांनी फाईलसकट माझ्याकडंच सोडले. त्यावर आम्ही ग्रीसचा डबा ठेवतो.

निघताना बाई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला. साहेब मुकाट्यानं डावीकडं बसले. काच खाली करून बाई म्हणाल्या, "गजू, बिल पाहिलं. हिशेब बरोबर आहे. अक्षर अजूनही तसंच."

तेव्हापासून दुकानात कोणी टायर कोणतं घेऊ म्हणून विचारलं की मी ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला काही विचारत नाही. गाडी चालवतं कोण, ते विचारतो. आणि घरचे एकमेकांकडं पाहायला लागले, की शेषरावभाऊ न सांगता स्टेपनी काढायला घेतात.