मेस्त्री सर आणि साडीखालचं प्रमाणपत्र

श्री. दत्ताराम मेस्त्री सरांची आणि माझी पहिली भेट करावे गावातल्या समाजमंदिरात झाली आणि त्या पहिल्या भेटीतच मी त्यांच्याशी खोटं बोलले. अमृतमहोत्सवी ग्रंथातला लेख अशा कबुलीने सुरू करणं शोभत नाही, हे मला कळतं. पण सरांविषयी खरं लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

सर नुकतेच सरकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. सार्वजनिक सेवेतल्या अभियंता भरतीसाठी आमच्या भागातल्या मुलामुलींचा ते दर रविवारी वर्ग घेत, एक पैसाही न घेता. नव्या विद्यार्थ्याला ते पहिला प्रश्न विचारत, "तुमच्याकडचं पावसाचं पाणी कुठे जातं?" भलेभले पदवीधर इथे गडबडायचे. माझे वडील खाडीत मासेमारी करणारे, त्यामुळे मला सोपं गेलं. नाल्यातून साठवण तलावात जातं आणि ओहोटी लागली की झडपा उघडून खाडीत, असं मी सांगितलं. सर खूश झाले. "शिक्षण?" त्यांनी विचारलं. "बी.ई. सिव्हिल," मी म्हटलं.

प्रत्यक्षात मी एम.ई. होते, तीही जलअभियांत्रिकीतली. पण घरात माझ्या लग्नाचं चालू होतं. जास्त शिकलेली मुलगी म्हटलं की स्थळं मागे फिरतात, म्हणून आत्याने माझ्या बायोडेटात बी.ई.वरच पूर्णविराम दिला होता. आईने एम.ई.चं प्रमाणपत्र कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवून दिलं होतं. हळूहळू मलाही तेच सांगायची सवय लागली. आज त्या शुभांगी तांडेलचा मला राग येतो, पण तेव्हा तिला काही वावगं वाटत नव्हतं.

वर्गात कडक शिस्त होती. सरांचा मुलगा समीर आमच्याबरोबरच शिकायचा. तोही वडिलांना "सर"च म्हणायचा आणि सगळ्यात जास्त बोलणी तोच खायचा. त्या वर्षी जाहिरात आली, तेव्हा किमान अर्हता पदविका होती आणि खाली एक ओळ होती: उच्च शैक्षणिक अर्हता असणाऱ्यास प्राधान्य. डिप्लोमावाली मुलं जाम भडकली. "सर, साइटवर घाम आम्ही गाळायचा आणि कागदवाले पुढे? हा कुठला न्याय?" सरांची स्वतःची सगळी नोकरी डिप्लोमावर झालेली, तेव्हा ते आपल्या बाजूने बोलतील असं मुलांना वाटलं होतं. सरांनी त्यांना शांतपणे बसवलं. म्हणाले, "प्राधान्य म्हणजे रांगेत घुसणं नव्हे रे. आधी परीक्षेत मार्क पाडायचे आहेत, ते सगळ्यांनाच. दोघं अगदी सारखे उतरले, तरच ही ओळ उघडायची. आणि जो दोन वर्षं जास्त शिकलाय, त्याने ती वर्षं काही झोपून काढलेली नाहीत." मुलं कुरकुरली, पण अभ्यासाला लागली.

अर्ज भरायची मुदत संपण्याआधीच्या रविवारी सर प्रत्येकाच्या अर्जाची छापील प्रत समोर घेऊन तपासत. स्पेलिंगपासून सहीपर्यंत सगळं. माझ्या अर्जात "अतिरिक्त अर्हता" या रकान्यात मी "निरंक" लिहिलं होतं. सरांचं बोट वरच्या तारखांवर थांबलं.

"पदवीनंतरची ही दोन वर्षं काय केलंस?"

"घरीच होते, सर."

"घरी बसून उघड्या कालव्यातल्या प्रवाहाची ती अवघड गणितं वर्गात यायला लागली? मला येडा समजतेस काय गं?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. सरांनी एवढंच विचारलं, "आई-वडील आता घरी आहेत?"

अर्ध्या तासात सर आमच्या दारात होते. कोणाच्या तरी स्कूटरवरून आले होते, स्कूटरवाला बाहेरच थांबला. आईने पाणी दिलं आणि आत्या मुद्दाम समोर येऊन बसली.

"सर, तुमी बोलता ते बरोबर हाय," आई म्हणाली, "पन पोरीचा लगीन अडलाय."

"एवरी शिकलेली सून कोनाला पायजे?" आत्याने टोला हाणला. "उद्या पोरगा बी.कॉम. भेटला तर?"

"ताई, लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं ते तुम्ही ठरवा," सर म्हणाले. "पण सरकारी अर्जात खोटं लिहायचं नाही आणि खरं लपवायचंही नाही. मी सांगतो तुम्हाला. नोकरी करून, संध्याकाळी कॉलेजला जाऊन चार वर्षांत मी पदवी घेतली. वरच्या पदाच्या भरतीची मुदत संपली आणि पंधरा दिवसांनी माझा निकाल लागला. कागद हातात नव्हता, म्हणून मी राहिलो आणि पुढची भरती निघाली तोवर वयोमर्यादा उलटली होती. हिच्याकडे कागद आहे आणि तो साडीखाली आहे!"

माझे वडील उंबऱ्यापाशी बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "काड गो तो कागद." आईने किल्ली काढली. त्या संध्याकाळी मी अर्ज दुरुस्त केला.

पुढे परीक्षा झाली, मुलाखत झाली, यादी लागली. खुल्या जागांमध्ये शेवटचं नाव माझं होतं. शेजारी शेरा होता: समान गुण, उच्च अर्हतेस प्राधान्य. आनंदाने ओरडणार, तोच नजर खाली गेली. प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव होतं मेस्त्री समीर दत्ताराम. अर्हता बी.ई., परीक्षेचे गुण माझ्याइतकेच.

त्या रविवारी समीरचा अर्जही सरांनीच तपासला होता. दोघांचे अर्ज त्यांच्या हातात होते. माझा रकाना त्यांनी तसाच सोडला असता, तर कोणाला कळलं असतं?

पेढे घेऊन नेरुळला सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, दार उघडलं, पेढा घेतला, माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. त्यांचं काय चुकलं? कोणतीही आई अशीच वागली असती.

"सर, माझ्यामुळे समीरचं..." मी सुरुवात केली.

"तुझ्यामुळे नाही, नियमामुळे. आणि नियम योग्य आहे," सर म्हणाले. "हजर व्हायचे कागद आणलेस? दाखव." त्यांनी ते तपासायला घेतले, पण बराच वेळ पहिलंच पान त्यांच्या हातात होतं.

तेवढ्यात समीर आला. "काय मॅडम, पार्टी कधी? टेन्शन नका घेऊ. त्या दिवशी सरांना तुमच्या घरी मीच स्कूटरवरून आणलं होतं. परत येताना विचारलं, हिचं एम.ई. अर्जात लिहायला लावलंत, आता माझं काय? तर म्हणे, तू अभ्यास कर."

काकू त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या, डोळे पुसत. समीरने खरंच अभ्यास केला. खासगी नोकरी सांभाळून एम.ई. झाला, पुढच्या भरतीत वरच्या क्रमांकाने निवडला गेला आणि आज माझ्याच विभागात आहे. माझंही लग्न झालं, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका बी.कॉम. माणसाशी! आत्या अजून म्हणते, "मी बोल्ली व्हती ना?"

नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात साठवण तलावाची एक झडप मिटेना आणि भरतीचं पाणी आत येऊ लागलं. मी कागदावर दाबाची गणितं मांडत बसले. फोनवर सर म्हणाले, "गणित नंतर. आधी बिजागरीत काय अडकलंय ते बघ." बिजागरीत लाकडाचा ओंडका होता. तेव्हापासून डिप्लोमावाल्या सहकाऱ्याला विचारल्याशिवाय मी कुठल्याही झडपेला हात लावत नाही.

गेल्या महिन्यात या ग्रंथासाठी सरांनी भरून दिलेलं परिचयपत्रक समितीने माझ्याकडे तपासायला दिलं. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पदविका. त्याखाली अतिरिक्त अर्हतेपुढे, सरांच्या सुबक अक्षरात, निरंक.

मी तडक नेरुळ गाठलं. पत्रक समोर ठेवून बोट दाखवलं. "सर, संध्याकाळची ती चार वर्षं काय केलंत? मला येडी समजता काय?"

सर पंचाहत्तराव्या वर्षी लाजलेले मी पाहिले. "अगं, राहू दे. निकाल उशिरा लागला. त्या पदवीचा उपयोग कुठे झाला?"

काकू केव्हाच कपाटाकडे गेल्या होत्या. साड्यांच्या घडीखालून त्यांनी पिवळं पडलेलं प्रमाणपत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. या ग्रंथात सरांच्या नावापुढे बी.ई. छापलं आहे, ते त्यावरूनच.

सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. गुडघे धड राहोत, चष्म्याचा नंबर वाढू नये आणि दर रविवारी नव्या मुलांचे अर्ज तुमच्याच हाताखालून जावोत. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी काकूंसमोर मला देता आलं नाही. ते इथे लिहिते. तुमच्या पदवीचा उपयोग झाला, सर. आमच्या घरी झाला.