सांगो शिकायला कोलंबसला

आमची लेक ऋचा नर्स आहे, जन्म मिशिगनचा. एका आरोग्य संस्थेतर्फे ती वर्षभरासाठी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशात निघाली होती. फ्रेंच तिला येतं, पण तिथल्या आया आपलं दुखणं सांगो भाषेत सांगतात. संस्थेनं स्पष्ट कळवलं होतं, व्हिडिओवरच्या चाचणीत सांगो जमली तर वॉर्ड, नाहीतर राजधानीत औषधांचं गोदाम.

सांगोचा क्लास आमच्या भागात कुठेच मिळेना. स्वयंसेवकांसाठी केलेली एक जुनी पुस्तिका नेटवर फुकट सापडली, काही प्रार्थनांची रेकॉर्डिंगही. ती मीही ऐकायचो. देवाला ‘न्झापा’ म्हणतात, एवढंच कळायचं. मग ओहायोतल्या कोलंबसमध्ये शिकवणी घेणाऱ्या, मूळच्या तिथल्या राजधानीतल्या, बांगी शहरातल्या एस्तेरबाईंचा पत्ता लागला आणि शनिवारी सकाळी आम्ही मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायहून गाडी काढली.

साडेतीन तासांचा रस्ता. टोलेडोनंतर दोन्ही बाजूंना सपाट शेतं, डोळ्यांना बरं वाटतं. शाकाहारी असाल तर पोळीभाजी बरोबर घ्या. ऋचा वाटभर सांगो शब्दांची कार्डं घोकत होती.

एस्तेरबाई माझ्याच वयाच्या. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या झाडाच्या, पानांची भाजी ढवळत होत्या, शेंगदाण्याचं कूट घालून. वास थेट आमच्या गावच्या चुलीपाशी नेणारा. त्यांनी ऋचाला सांगितलं, मी पेशंट, तू नर्स, कर सुरुवात. ऋचानं अचूक सांगोत विचारलं, कुठे दुखतंय? बाई ढवळतच राहिल्या. तिनं पुन्हा विचारलं. मग बाई इंग्रजीत म्हणाल्या, “मी जिवंत आहे का, घरचे कसे आहेत, हे न विचारताच दुखणं मागतेस?”

ऋचाचा चेहरा उतरला. “बाबा, आय गॉट एव्हरी वर्ड राइट.”

मी म्हटलं, “आत्याचा फोन आला की ती आधी काय विचारते?”

“जेवलीस का. पाऊस झाला का. टेन मिनिट्स, बाबा.”

“आमच्या गावची नर्सबाई तसंच करायची. ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची, शेरडं-करडं विचारायची. मग बायका आपणहून पदर बाजूला करून गळू दाखवायच्या.”

ऋचा उठून बाहेर गेली, दार वाजवून परत आली. “बालाओ,” म्हणजे नमस्कार. मुलं, आई, शेजारी, सगळ्यांची चौकशी अडखळत केली. बाईंनी गॅस बारीक केला, तिच्यासमोर बसल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून बोलू लागल्या. गुडघा खरंच दुखत होता.

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभा होतो. बराच वेळ नुसती विचारपूसच चालली होती. मग व्हिडिओवर पेशंट म्हणून बसवलेल्या म्हातारीचा आवाज मोकळा झाला आणि थांबेचना.

“वॉर्ड, बाबा,” ऋचा बाहेर येऊन म्हणाली.

संध्याकाळी देवापुढे बसलो. काळजीपोटी, तिला गोदामच मिळावं, असं इतके दिवस माझ्या मनात होतं. ते आधी कबूल केलं, मग तिच्यासाठी हात जोडले.