चार नंबरच्या नावानं

मिनेसोटातल्या त्या टर्की उबवणी केंद्रात वर्ना टॉलेफ्सनला विचारल्याशिवाय कुठल्याही यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे कचेरीतला संगणक यंत्राला ज्यावरून ओळखतो तो क्रमांक, मिळत नसे. बावीस वर्षं ती पत्ते स्वतः वाटायची, वहीत पेन्सिलीनं लिहायची, आणि कुणी परस्पर एखादा घेतलाच तर त्याची बिनपाण्यानं हजामत करायची.

त्या मंगळवारी सकाळी चार नंबरच्या यंत्रात बारा हजार अंडी फुटायला आली होती. आतून चोचींची टकटक ऐकू येत होती. आणि कचेरीतल्या पडद्यावर चारच्या तापमानाचा फॅरनहाइटमधला आकडा नाचत होता. अठ्ठ्याण्णव, ऐंशी, पुन्हा अठ्ठ्याण्णव, मग ऐंशीवरच मुक्काम.

"गारठतायत पिल्लं. उष्णता वाढवतो," मुकादम डेल ब्रांट म्हणाला.

"थांब."

"थांबून काय करू, मोजे विणू त्यांना?"

"डेल, हात काढ तिथून. अठ्ठ्याण्णवच हवं असतं. खरंच तेवढं असेल आणि तू वाढवलंस, तर भाजून निघतील."

दार उघडून बघायची सोय नव्हती. या वेळी आतला ओलावा गेला की पिल्लं कवचालाच चिकटून मरतात. चारचं तापमान सांभाळणारा नियंत्रक नवा, त्यावर आकडा दिसायची काचही नव्हती. वर्ना धावत चारपाशी गेली आणि तिनं त्याची नेटवर्कची वायर उपटली.

"आता काय दिसतंय?" ती ओरडली.

"ब्याऐंशी!"

वायर तर तिच्या हातात होती. म्हणजे चारच्या नावानं दुसरंच कुणीतरी बोलत होतं. नुकतंच तापू लागलेलं, रिकामं. अकरा नंबर! महिनाभर दुरुस्तीला बंद होता, आज सकाळीच सुरू केलेला.

तिनं अकराची वायर काढली, चारची लावली आणि कचेरीत परतली. अठ्ठ्याण्णव. आकडा हलेना.

डेलनं कपाळ पुसलं. "एकच पत्ता दोघांना? कुणाचा हा शहाणपणा?"

वर्नाला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी चारचा नियंत्रक बसवताना तिनं संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारून पाहिली होती. उत्तर आलं नाही, म्हणून तो मोकळाच आहे असं ती समजली. वहीत तो अकराच्या नावावर होता, पण वही उघडायचा तिला कंटाळा आला होता. अकरा तेव्हा बंद होता, ओ देणार कुठून?

"माझा," ती म्हणाली.

डेलनं उष्णतेच्या कळीकडे बोट दाखवलं. "मी उष्णता वाढवली असती तर बारा हजारांचं पाप माझ्या माथी आलं असतं."

"हो," वर्ना म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. "आणि मी बहुधा गप्प राहून ते तुझ्या माथी येऊ दिलं असतं."