मापाऱ्याचा आकडा आणि डॉ. त्र्यंबकराव

पौषातला सोमवार, सकाळचे सव्वानऊ. अकोल्याच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. हस्तलिखितातली ओळ वाचली, खिळ्यांकडे हात नेला, आणि अर्धी ओळ डोक्यातून गेली. विषमज्वरातून उठल्यापासून हे रोजचेच झाले होते. मालक म्हणाले, "आणखी एक ओळ गाळली तं घरी बसजो." मी मराठी सातवीपर्यंत शिकलेला, दुसरे काम येत नव्हते. डोके कायमचे बिघडले, या भीतीने जठारपेठेत डॉ. त्र्यंबकरावांच्या दवाखान्यात गेलो. तीच आमची पहिली ओळख.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, माझ्याकडून काही आकडे म्हणवून घेतले आणि औषध न देता मला धान्यबाजारात नेले. तिथे गणपत मापारी ज्वारी मोजत होते. पुढची पायली भरेपर्यंत ते "सतरा, सतरा" म्हणत राहत, आणि पोते धरलेले हमाल तोच आकडा झेलून पुन्हा म्हणत. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. हमालांनी सतरा चालू ठेवले. उबळ ओसरताच मापाऱ्यांनी अठरा उचलले.

"काहो गणपतराव, आकडा काहून हरवला नाही?" डॉक्टरांनी विचारले.

"हे पोट्टे हायेत ना! आकडा का माह्या एकट्याच्या बापाचा हाय?"

परतताना डॉक्टर म्हणाले, "मेंदूतही असेच असावे. ओळ एका पेशीत बसत नाही. पेशींचा गट ती काम होईपर्यंत आपसांत फिरवत ठेवतो; एखादी थकली तर बाकीच्या सांभाळतात. तुमचे हमाल तापाने थकलेत, पळालेले नाहीत." लगेच पुढे म्हणाले, "हा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही." न कळलेले कळले असे त्यांनी मला कधी सांगितले नाही. माझ्यासारख्या घाबरटाला धीर आला तो त्यामुळेच.

मग त्यांनी स्वतः छापखान्यात येऊन मालकांकडून माझ्यासाठी महिन्याची मुदत मागून घेतली. मला बजावले, "चारच शब्द उचला, पुटपुटत राहा, मध्ये कोणाला ओ देऊ नका." मी मालकांनाही ओ दिली नाही. "बहिरा झाला का बे?" ते ओरडले. त्या पानात मात्र एकही ओळ गळली नाही, आणि माझे काम टिकले.

"गुण माझा नाही, अशक्तपणा गेला इतकेच," असे डॉक्टर आजही म्हणतात. म्हणजे पुन्हा ताप आला तर? ही धास्ती मला अजून आहे. म्हणून त्यांच्या साठीनिमित्त शुभेच्छा देताना त्यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करतो. डॉक्टरांनी शंभर वर्षे निरोगी जगावे, आणि मी घाबरून आलो की "बसा" म्हणावे.