तांबडा ठिपका, पांढरा ठिपका

गुंजमिस्त्री दारू तोलायला बसले की तोंडाला फडकं बांधायचे. बंदुकीची दारू हो. दुसरीला त्यांनी जन्मात हात लावला नाही. भिंगारच्या बाजारामागे त्यांची एवढीशी खोली. खिडकी बंद, दाराला गोणपाट, पुढ्यात सोनाराचा नाजूक काटा आणि नाकावरून घट्ट बांधलेलं ते फडकं. का, तर श्वासाने पारडं हलू नये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, कोणी जैन मुनी दुकान थाटून बसलेत की काय! मी नमस्कार म्हणायला तोंड उघडलं तर हातानेच गप्प केलं. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत दारू ओतून झाली, मग फडकं हनुवटीवर ओढून म्हणाले, "हां, बोला आता. मघाशी बोलला आसता तर अर्धी गुंज उडाली आसती."

गुंज म्हणजे खरीखुरी गुंज, वेलीवरची, तांबडी, काळ्या डोळ्याची. सोनार तिने सोनं तोलायचे, मिस्त्री काडतुसांची दारू. नगरच्या लष्करी कॅम्पातल्या शस्त्रागारात त्यांची वीस वर्षं गेली होती. विलायती पितळी वजनांची पेटी त्यांच्याजवळ होती, पण ती फळीवर धूळ खात पडलेली. "सायबाची वजनं सायबाबरूबर बोटीत बसून जात्याल. गुंज हितंच ऱ्हानार हाय," म्हणायचे. शेरभर गुंजांतून एकसारख्या पन्नास निवडायला त्यांना आठवडा लागे. आणि एक वाक्य तर मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते मला पाढ्यासारखं पाठ झालं होतं: "काटा खोटं बोलत न्हाई, रावसाहेब. बोलला तर धरनारा बोलतो."

मी तेव्हा राहात्याच्या बाजूला कालव्यावर ओव्हरसियर होतो. आमच्या घराण्यात आजवर हाती लेखणी, नाहीतर पळी. बंदूक धरलेला मीच पहिला. वडिलांनी त्यावरून दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता. पण कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात रानडुकरं आली. रात्रीतून वाफेच्या वाफे आडवे करायची. साध्या बंदुकीच्या छऱ्यांनी डुक्कर मरत नाही, नुसतं चिडतं. मला रायफल हवी होती, आणि खरं सांगतो, नुसती हवी नव्हती, मला तिचं वेड लागलं होतं.

दुसरी मोठी लढाई संपली आणि कॅम्पातल्या साहेब लोकांची आवराआवर सुरू झाली. एका मेजरच्या दोन दुनळी रायफली विकायच्या होत्या. दोन्ही चारशे बोअरच्या. एक साधी, काळपट, बिननक्षीची. दुसरीच्या बाजूच्या पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरलेली. मला त्यातलं काय कळणार? मी मिस्त्रींना बरोबर नेलं. त्यांनी दस्ते काढून नळ्या सुट्या केल्या. साधीच्या नळ्या मुठीत धरल्या आणि खिळ्याने टिचकी मारली. थप्प असा आवाज आला. मग नक्षीवालीच्या नळ्या दोरीला टांगल्या, टिचकी मारली, तर देवळातल्या घंटेसारखा नाद घुमला. "आयकलं? बोलती बघा कशी! हीच घ्या," मिस्त्री म्हणाले. मी घेतली. साधी रायफल कुणा जहागीरदाराकडे गेली. एक मुठीत धरली होती आणि एक टांगली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला पुढे तीन वर्षं लागली.

दुनळी रायफल ही फार मानी वस्तू. दोन नळ्या शेजारी शेजारी कथलाने जोडलेल्या असतात, आणि अशा किंचित तिरक्या की ऐंशी पावलांवर दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात. दारू जरा कमी-जास्त झाली की दोघी भांडतात. एक इकडे मारते, एक तिकडे. लढाईमुळे विलायती काडतुसं मिळेनाशी झालेली, म्हणून जुन्या पुंगळ्या पुन्हा भरून घ्यायच्या आणि रायफलीला कुठला घास मानवतो ते शोधायचं. तो हिवाळाभर दर रविवारी मिस्त्री आणि मी भिंगारच्या ओढ्याकाठी. मुरमाच्या ढिगाला लिंबाची फळी टेकवलेली. मिस्त्री गव्हाच्या पोत्यावर रायफल टेकवून एक बार काढायचे, मग चालत जाऊन भोकाला बोट लावायचे, परत यायचे, पाव गुंज कमी करायचे, पुन्हा बार. अख्ख्या सकाळीत सात-आठ बार. मी कंटाळून म्हणायचो, "अहो मिस्त्री, पुरे की आता!" तर म्हणायचे, "लगीन जुळवायचं म्हंजी घाई करून भागत न्हाई."

महाशिवरात्रीच्या आधी जुळलं एकदाचं. दोन भोकं अशी शेजारी की मधे रुपया मावणार नाही. मी आनंदाने मिस्त्रींना मिठीच मारली. फक्त एक गोष्ट होती. उजव्या नळीची काडतुसं वेगळी आणि डाव्या नळीची वेगळी. डावीच्यात दोन गुंजा कमी. चूक होऊ नये म्हणून मिस्त्रींनी बुडाला लाखेचे ठिपके दिले, उजवीला तांबडा, डावीला पांढरा. "ही आपली खास करामत हाय. कुनाला सांगू नका," म्हणाले. मला केवढा अभिमान! मी चारचौघांत सांगत फिरलो ते वेगळंच. आमची ही मात्र काडतुसं पाहून म्हणाली, "अगंबाई, एकीला कुंकू आणि एकीला भस्म? ही दुसरी विधवा का?" मी तिच्यावर खेकसलो. मजुरी म्हणून मिस्त्रींनी काकवीचं मडकं तेवढं मागून घेतलं. काकवी म्हटली की तो माणूस लहान मूल व्हायचा. बोट घालून चाटायचा.

आता केरूबद्दल सांगायला हवं. केरू हा माझ्या हाताखालचा पाटकरी. कालव्याच्या चाऱ्यांना पाणी सोडायचं, दिवसाला आठ-आठ मैल पायी फिरायचं, हे त्याचं काम. गावातला चांगला शेतकरी गडी, पायाने हरणासारखा. पुढच्या पौषात एका पहाटे आम्ही दोघं डुकरामागे गेलो. थंडी अशी की बोटं लाकडासारखी झालेली. पुरतं उजाडलेलं नव्हतं. मी रायफल भरली आणि चारीच्या अलीकडे बसलो. केरू लांब, उसाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर. फटफटल्यावर डुक्कर निघालं. उजव्या नळीची गोळी त्याच्या मानेवर बसली, पण ते पडलं नाही. वळलं आणि थेट केरूवर गेलं. माझ्यापासून ऐंशी पावलं असेल. आडवं धावत होतं, केरूला गोळी लागणार नाही एवढी बाजू मला स्पष्ट दिसत होती. मी खांद्यामागे पक्का नेम धरला आणि डावी नळी उडवली. डुकराच्या पुढे वीतभर माती उडाली. पुढच्या क्षणी केरू आडवा झाला होता.

मांडी गुडघ्यापर्यंत फाटली होती. बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण पाय काठीसारखा ताठ झाला तो झालाच. केरूला मग मी गेटवर बसून करायचं काम दिलं. आठ मैल चालणारा माणूस दिवसभर बाजेवर बसून पाण्याकडे बघत राहायचा.

मी रायफल घेऊन तडक भिंगारला गेलो. मिस्त्रींनी ती उघडली, उजेडाकडे धरली, नळ्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग विचारलं, "भरताना रंग बघितला हुता का?" मी आठवायला लागलो. अंधार होता, बोटं बधिर होती. पाहिला होता का? रिकाम्या पुंगळ्या घाईत काढून फेकल्या त्या चारीच्या पाण्यात गेलेल्या. मला छातीठोक सांगता येईना. मिस्त्रींनी हळूच मान हलवली. "रायफलीत काय बी खोट न्हाई, रावसाहेब. रंगाची अदलाबदल झाली आसंल. हुतं आसं. आता ऱ्हाऊ द्या ती भितीवरच." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने मला रडू आलं.

मी केरूजवळ जाऊन कबूल केलं. म्हटलं, "केरू, रंग माझा चुकला रे." तर तो म्हणाला, "आसू द्या सायेब. डुकराला काय रंग कळतो व्हय?" आणि हसला. ते हसू मला दोन वर्षं टोचत राहिलं. जेवताना टोचलं, कालव्यावरून जाताना टोचलं. रायफल भिंतीवर टांगलेली. तिच्याकडे पाठ करून मी बसायचो.

शेवटी विकून टाकू म्हटलं. नगरचे एक निवृत्त वनाधिकारी बघायला आले. मी आपलं भोळेपणाने दोन रंगांची काडतुसं पुढे ठेवली. ते माझ्याकडे बघतच राहिले. "दुनळीला दोन जातींची काडतुसं? अहो, दोन्ही नळ्या एकाच काडतुसावर जुळवायच्या, तेच तर दुनळीचं कौतुक! ही कुणीतरी बिघडवली आहे आणि बिघाड काडतुसांनी झाकलाय." त्यांनी नळ्यांमधलं कथील नखाने खरवडलं. जुन्यावर नवा थर होता, आणि टोकाशी सांधा चक्क उकलला होता. मग माळावर जाऊन आम्ही फळी लावली. ऐंशी पावलं. उजवीत तांबडा, डावीत पांढरा, मी स्वतः चारदा बघून भरले. उजवीची गोळी मधोमध. डावीची वीतभर बाजूला. पुन्हा, वीतभर. तिसऱ्यांदाही वीतभर. म्हणजे त्या पहाटे रंग बरोबर असता तरी गोळी तिथेच पडली असती. मी फळी तिथेच टाकून भिंगारची वाट धरली.

भिंगारला पोचलो तेव्हा मिस्त्री तोंडाला फडकं बांधून तोलत होते. मी हाताची खूण बघितली नाही. जे तोंडात आलं ते बोललो, आणि पारडं हलून दारू सांडली. मिस्त्रींनी फडकं सोडलं. नाकबूल गेले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. म्हणाले, "मेजरसायबाच्या येळंला सांधा खोलला हुता मी. आच जास्ती झाली. डावी नळी वाकडी बसली ती बसलीच. कुनी म्हंबईच्या दुकानात नेली आसती तर समद्या कॅम्पात माजी छीथू झाली आसती."

"म्हणून माझ्या गळ्यात मारलीत?"

"तुमाला काय कळनार हुतं? म्हनलं, बामनाचं पोर हाय. दोन तितर मारंल नि भितीला टांगंल."

हे मला फार लागलं. अजून लागतं. मी विचारलं, "आणि केरूचा पाय गेल्यावर? सांधा उकललेला तेव्हा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला."

"मग माझ्या पाठीवर हात कसला ठेवलात?"

ते सांडलेली दारू बोटाने गोळा करायला लागले. "तुमाला चूक परवडती, रावसाहेब. तुमचा पगार चालू ऱ्हातो. माजं पोट ह्या हाताच्या नावावर हाय."

खरं सांगू? चोरी केली असती, घरात शिरून लुटलं असतं, तरी एवढं वाटलं नसतं. मी त्यांना म्हटलं, "माझ्याशी खोटं बोललात ते माझ्यापाशी ठेवतो. कॅम्पात कुणाला सांगणार नाही. फक्त केरूकडे जा आणि खरं काय ते सांगा. मला त्याच्या नजरेला नजर देता येऊ दे." मिस्त्रींनी मान डोलावली.

आठवड्यात ते खरंच आले. केरूच्या वस्तीवरून पायी आमच्या बंगलीवर आले, पायांना धूळ, डोळे लाल. "सांगितलं, रावसाहेब. समदं सांगितलं," म्हणाले आणि पायरीवरच बसले. माझा राग निम्मा तिथेच विरला. हिने त्यांना वाटीभर काकवी आणि भाकरी दिली. या खेपेला त्यांनी बोटाने चाटली नाही. केरू मला नेहमीसारखाच हसून रामराम घालत राहिला; त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. मोठ्या मनाचा माणूस, मिस्त्रींनाही माफ केलं असणार, असं मी धरून चाललो. रायफल ठाण्यात जमा केली आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा गाढ झोपलो.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मी भिंगारला जाऊन आलो. तो काटा आणि ते फडकं खुंटीला लटकत होतं. राग होता तरी मी त्या पारड्यांवरची धूळ पुसली. ओढ्याकाठच्या सकाळी काही खोट्या नव्हत्या, त्या पाव-पाव गुंजा खऱ्या होत्या. बिघडलेली नळी माझ्यासाठी जुळवायला त्यांनी जेवढा जीव टाकला तेवढा चांगलीसाठी कुणी टाकला नसता. मी स्वतःची समजूत घातली, की शेवटी का होईना, माणूस खरं बोलून गेला.

वर्षभराने केरूच्या मुलीची सुपारी फुटली, त्या दिवशी त्याच्या ओट्यावर आम्ही चहा पीत होतो. केरू ताठ पाय बाजेवर लांब करून बसला होता. आपणहूनच म्हणाला, "सायेब, तुमचा त्यो मिस्त्री म्हंजी देवमानूस हुता बघा. हितवर पायी आला. माज्या पायाला हात लावून रडला. म्हनला, केरू, रावसायबावर राग धरू नगंस, रंग चुकला त्येंचा, पर मानूस सोन्यावानी हाय. मी म्हनलं, आवो मिस्त्री, आमचा राग कवा हुता?"

बशी माझ्या हातात तशीच राहिली. माझी वकिली करायला आला होता हो तो! माझ्याच पायरीवर बसून माझीच काकवी खाल्ली त्याने. आता मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मेलेल्या माणसावर ढकलतोय, असंच केरूला वाटलं असतं. आणि त्याने तेही मला हसून माफ केलं असतं. परवा केरूही गेला, म्हणून आज हे लिहायची हिंमत करतोय.

"व्हय का न्हाई, सायेब?" त्या दिवशी ओट्यावर केरूने विचारलं. "चांगला हुता ना मिस्त्री?"

"हो," मी म्हणालो. "चांगला होता."