कौसल्याबाईची मेथी

माझी थोरली बहीण कौसल्या, शेळगावात दिलेली. तिची मेथी घेतल्याबिगर बाया इंदापूरच्या बाजारातनं घरी जात न्हवत्या. जिभेला धार, पन जुडीला हात सढळ. अशी ही अक्का गेल्या साली अंथरुणाला खिळली. झालं काय, तर पोरगा अजित नोकरीला लागला आन् बापलेकांनी ठरवलं, आता आईनं बाजारात बसायचं न्हाय, लोक काय म्हणतील. लोकांचं काय घेऊन बसलात! लोक मेथी घेत्यात आन् जात्यात.

तवापासनं तिचं बोलणं तुटलं, जेवण तुटलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काय निघालं न्हाय. मग डॉक्टरांनी बारामतीच्या अनिता मॅडमकडं धाडलं. या बाई औषध देत न्हाईत, मनातलं ऐकून घेत्यात. मी आन् दाजी, म्हंजी अक्काचे मालक मोहनराव, तिला घेऊन गेलो.

मॅडमनी अक्काला इचारलं, झोप लागते का? दाजी म्हणाले, लागती की. भूक? दाजी म्हणाले, बेताची. मॅडमनी त्यांना गोडीगोडीनं बाहेर बसवलं. दाजी असे फुगले की चहासुदिक घेतला न्हाय. मला मातर अक्कानं हात धरून ठेवून घेतलं.

मग मॅडम गप, अक्का गप. आमच्यात माणूस रडाय लागलं की चहा उकळायच्या आत धा जण सल्ला देत्यात, आन् ही शिकलेली बाई नुसती बसून! लई येळानं अक्का बोलली, "बाजारात मला कौसल्याबाई म्हणत्यात. घरात नुसतं 'अगं' आन् 'आई'."

"घरात तुमचं नाव कुणी घेत नाही," मॅडम म्हणाल्या. एवढंच. अक्का हमसून हमसून रडली, तिच्यासंगं मीबी.

निघताना मी मॅडमना बाजूला घेतलं. म्हणलं, दाजींना एक शब्द टाका, हिला बाजाराला धाडा म्हणून. शिकलेल्यांचं ऐकत्यात ते.

"माझं ऐकतील हो," त्या म्हणाल्या, "पण मग कौसल्याबाईंचं कधी ऐकणार?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तरी आमी जातच राहिलो. दर खेपेला अक्का जरा जास्त बोलायची, आन् मॅडम आपल्या तशाच कमी.

एकदा मी शेळगावात मुक्कामाला होते. भाकरी वाढता वाढता अक्का म्हणाली, "बाजाराला मी जाणार हाय." अजित लोकांचं काढाय लागला. "लोक माझं गिऱ्हाईक हायेत," ती म्हणाली आन् कालवण वाढलं. दाजी खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, पडलं समद्यावर पाणी. पन बाजाराच्या दिवशी गाडीवर जुड्या बांधाय दाजीच पुढं.

मीबी गेले. अक्कानं पोतं पसरलं, दाजी शेजारी टेकले. एका बाईनं जुडीचा भाव इचारला. दाजींनी सवयीनं तोंड उघडलं. अक्का नुसती त्यांच्याकडं बघत राहिली.

दाजी खाकरले. उभ्या जन्मात चारचौघांत बायकोचं नाव न घेतलेला तो माणूस म्हणाला, "कौसल्याला इचारा."